अलार्म वाजला की माझे हात थांबतात

ताई, नमस्कार. मी पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये आयसीयूत स्टाफ नर्स आहे. वय ४१, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), आयसीयूत सोळा वर्षं झाली. मागच्या पावसाळ्यात एका नाईटला माझ्याकडे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) पेशंट होता, सीआरआरटी, म्हणजे बसलेल्या किडनीचं काम संथपणे, सतत करणारं मशीन, चालू, मांडीतून कॅथेटर. शेजारचा व्हेंटिलेटरवरचा पेशंटही माझ्याकडेच. रात्रभर अ‍ॅक्सेस प्रेशरचा अलार्म वाजत होता. मी पाय सरळ करायचे, अलार्म बंद करायचे, मशीन चालू करून दुसऱ्या पेशंटकडे जायचे. पहाटे चारला फिल्टर क्लॉट झाला. सर्किटमधलं, म्हणजे मशीनच्या नळ्या आणि फिल्टरमधलं, रक्त परत देता आलं नाही. पेशंटचं हिमोग्लोबिन आधीच सात. सकाळी राउंडला सर नातेवाइकांसमोर म्हणाले, "यांच्या हातात मशीन देत जाऊ नका." पेशंट पुढे बरा होऊन घरी गेला, पण माझं काहीतरी तिथेच राहिलं. आता कुठल्याही मशिनचा अलार्म वाजला की माझे हात थांबतात.

आता हॉस्पिटलने सीआरआरटीचं सिम्युलेशन ट्रेनिंग, म्हणजे खोटा प्रसंग उभा करून सराव, ठेवलंय. दोन दिवस, पेशंटच्या जागी मॅनिकिन (पुतळा), खरं मशीन, कॅमेरा, आणि नंतर सगळ्यांनी बसून व्हिडिओ बघायचा. माझ्या बॅचला माझ्याच हाताखाली तयार झालेल्या मुली आहेत. त्यांच्यासमोर मी अडकले तर? ओपीडीत बदली मागावी असं मनात येतं. घरी मिस्टर म्हणतात, माग बदली, पगार तेवढाच आहे. काय करू?

ता. क. ट्रेनिंग इंग्रजीतून असणार. केरळच्या आणि बी.एस्सी. झालेल्या मुली फाडफाड बोलतात. मला तसं जमत नाही.

– एक सिस्टर, धायरी

*

सिस्टर,

बदलीचा अर्ज लिहून ठेवला असेल तर तो दोन महिने पर्समध्येच राहू द्या. ट्रेनिंगला जा. शक्य झालं तर सगळ्यात आधी तुमचा नंबर लावून घ्या. का, ते सांगते. पण त्याआधी त्या रात्रीबद्दल बोलायला हवं, कारण तुमची भीती कॅमेऱ्याची नाही, त्या रात्रीची आहे. आणि ती रात्र तुमच्याबरोबर बसून कुणी उलगडलीच नाही. एक वाक्य बोलून सगळे पुढच्या बेडकडे गेले.

अ‍ॅक्सेसची नळी म्हणजे मशीन ज्या नळीतून पेशंटचं रक्त ओढतं ती. ओढताना दाब उणे असतो. साधारण उणे ५० ते उणे १५० च्या दरम्यान असला तर काम सुरळीत चालतं. शहाळं पिताना नळीचं टोक आतल्या मलईला चिकटलं की कितीही ओढा, पाणी येत नाही, गाल मात्र आत जातात. मांडीतल्या कॅथेटरचं तेच होतं. पेशंटने पाय दुमडला, तो खोकला, किंवा शिरेत रक्तच कमी असलं, की शिरेची भिंत कॅथेटरच्या छिद्राला जाऊन बसते. दाब आणखी उणे होतो, मशीन ओरडतं आणि ब्लड पंप थांबवतं. हे थांबणंच महागात पडतं. फिल्टरमध्ये केसासारख्या हजारो पोकळ नळ्या असतात. रक्त वाहतं आहे तोवर ठीक. ते जागेवर उभं राहिलं की काही मिनिटांतच गुठळ्या धरायला लागतं. एकदा थांबला, सुरू झाला, तर फिल्टर सोसतो. रात्रभरात दहा-बारा वेळा थांबला तर नाही सोसत.

तुम्ही पाय सरळ केलात, कुठे घडी पडली आहे का बघितलंत, पंप पुन्हा चालू केलात. पहिल्या वेळी हे बरोबर होतं, दुसऱ्या वेळीही. पण तोच अलार्म अर्ध्या तासात तिसऱ्या-चौथ्यांदा आला, की तो पायाचा प्रश्न उरत नाही. मग पेशंटला व्हॉल्यूमची (शिरेतून सलाईनची) गरज आहे का, कॅथेटरच्या दोन्ही तोंडांची अदलाबदल करून बघायची का, ब्लड फ्लो थोडा कमी करायचा का, कॅथेटरच बदलायचा का, हे ठरवावं लागतं. आणि यातलं काहीही एकट्या नर्सने पहाटे तीन वाजता ठरवायचं नसतं.

म्हणून मी तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात अलार्म आहे, पाय आहे, शेजारचा पेशंट आहे, सर आहेत. फोन कुठेच नाही. चार वाजेपर्यंत तुम्ही कुणाला फोन केला होता, ते पत्रात आलेलंच नाही.

मला वाटतं, केला नसावा. उशीर झाला तो तिथे, आणि तेवढा वाटा तुमचा आहे. तो मी झाकणार नाही, कारण झाकला तर तुम्हाला उपयोग नाही. सर्किटमध्ये दीडशे ते दोनशे मिली रक्त असतं. फिल्टर गेल्यात जमा आहे हे आधी कळतं: फिल्टरच्या आधीचा दाब चढत जातो, टीएमपी (फिल्टरच्या पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) चढतो, फिल्टरमध्ये काळसर रेघा दिसतात, चेंबरमध्ये चिकट काहीतरी फिरताना दिसतं. त्या टप्प्यावर रक्त परत देऊन सर्किट उतरवता येतं. हिमोग्लोबिन सात असलेल्या माणसासाठी ते दीडशे मिली फार मोलाचं. पण एकदा क्लॉट झाल्यावर तुम्ही रक्त परत दिलं नाहीत, ते मात्र अगदी बरोबर केलंत. गुठळ्या पेशंटच्या शिरेत ढकलायच्या नसतात. त्या घाबरलेल्या क्षणीसुद्धा तुमचा हात योग्य जागी थांबला होता. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते.

बाकीचा वाटा तुमचा नाही. सीआरआरटी चालू असलेल्या पेशंटला एक स्वतंत्र नर्स लागते, आणि तुमच्याकडे व्हेंटिलेटरचा दुसरा पेशंट होता. मांडीचा कॅथेटर चुकीचा नसतो. गळ्याची उजवी शीर पहिली पसंती, मांडी दुसरी, असं केडिगो या किडनीच्या आजारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. पण अस्वस्थ, पाय हलवणाऱ्या पेशंटला मांडीचा कॅथेटर असेल तर रात्री त्रास होणार हे संध्याकाळच्या ओव्हरमध्येच, ड्यूटी बदलताना, बोलायला हवं होतं, आणि अलार्म वाढले तर काय करायचं हे ठरवून ठेवायला हवं होतं. ते काम सगळ्या टीमचं होतं. आणि नातेवाइकांसमोर बोलले गेलेले शब्द, त्यांची जबाबदारी बोलणाऱ्याची. ती तुम्ही घरी घेऊन येऊ नका.

माझ्याही हातून झालं आहे. २००९ ची गोष्ट, हॉस्पिटलचं नाव नको. आमच्याकडे नवं मशीन आलं होतं. कंपनीच्या माणसाने दीड तास बटणं दाखवली, आम्ही बारा जणी उभ्या राहून बघत होतो, मागच्या चौघींना स्क्रीनही दिसत नव्हता. त्याला ट्रेनिंग म्हणायचे. पंधरा दिवसांनी माझ्या नाईटला वजनाचा अलार्म आला. या मशिनला पेशंटचं किती पाणी निघालं हे फक्त एकाच गोष्टीवरून कळतं: खाली टांगलेल्या पिशव्यांच्या वजनावरून. पिशवी कशाला टेकली, झोके खात राहिली, पिशवी सुरू करताना तोडायची आतली पिन अर्धवटच तुटली किंवा क्लॅम्प लावलेला राहिला, की हिशोब चुकतो, आणि मशीन विचारतं की बघून घ्या. मी बघितलं नाही. कंटिन्यू दाबलं. नऊ वेळा दाबलं. पिशवी स्टूलच्या कडेला टेकली होती. प्रत्येक कंटिन्यूला थोडं थोडं जास्त पाणी निघत गेलं आणि सकाळपर्यंत फरक एक लिटरच्या वर गेला. पेशंटचं बीपी पडलं, ते वर आणायला नॉरअ‍ॅड्रेनलिन वाढवावं लागलं. तो वाचला. पण अशाच दुर्लक्षित अलार्मांमुळे जगात रुग्ण दगावले आहेत, त्याच्या नोंदी आहेत.

आमच्या इन्चार्ज सिस्टर जुन्या काळातल्या, कडक. मला वाटलं, आता मेमो. दुपारी त्यांनी मला रिकाम्या मशिनजवळ नेलं, सलाईनवर जुनं सर्किट लावलं, आणि म्हणाल्या, "पिशवीला बोट लाव." मी बोट लावलं. अलार्म आला. "आता कंटिन्यू दाब. आकडा बघ. परत बोट लाव." असं आम्ही अर्धा तास केलं. तो आकडा हळूहळू सरकताना मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. त्यानंतरच्या नोकरीत मी पिशवीकडे न बघता कंटिन्यू एकदाही दाबलं नाही. तेव्हा सिम्युलेशन हा शब्द आमच्या वॉर्डात कुणी वापरत नव्हतं. पण ते तेच होतं. माझ्या चुकीकडे मला परत नेलं, आणि या वेळी बेडवर माणूस नव्हता.

तुम्हालाही ही गोष्ट नवी नाही. फर्स्ट इयरला संत्र्यात इंजेक्शन टोचलं होतंत ना? सीपीआर शिकलात तो मॅनिकिन नॉर्वेच्या एका खेळण्यांच्या कारखानदाराने, आस्मुंड लेअरदालने, १९६० मध्ये बाजारात आणला. छाती दाबायला शिकताना जिवंत माणसाच्या बरगड्या मोडायच्या नाहीत, एवढी साधी त्यामागची गरज. आता २०२१ मध्ये बदललेल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमातही सिम्युलेशनला जागा आहे. म्हणजे तुमच्या हाताखालच्या मुली त्यातून शिकून येत आहेत, आणि तुमच्या-माझ्या पिढीला ते मिळालंच नाही. मिळालं ते थेट पेशंटवर.

सीआरआरटीसाठी तर ते फारच लागतं. याचं कारण हे काम रोज हाताखालून जात नाही. डायलिसिस युनिटच्या मुली दिवसाला दोन-तीन पेशंट लावतात, त्यांचे हात चालते असतात. आयसीयूत काही महिने एकही सीआरआरटी नसतं. मग जुलैत मुळशी, भोर, वेल्ह्याकडे भातलावणी सुरू होते आणि लेप्टो, घोणस चावलेले, डेंग्यूचे असे किडनी बसलेले पेशंट एका आठवड्यात एकामागून एक येतात. तुमच्याच भागातलं आठवा, २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडला जीबीएस (नसांवर हल्ला करणारा गियाँ-बारे आजार) पसरला तेव्हा प्लाझ्मा एक्स्चेंजचे, म्हणजे रक्तातला पातळ भाग बदलायची गरज असलेले, पेशंट असेच अचानक आले. काही सीआरआरटी मशिनवर वेगळा फिल्टर लावून तेही करता येतं. ज्यांनी वर्षभरात मशीन उघडलं नव्हतं त्यांच्यासमोर ते पहिल्याच दिवशी उभं राहिलं. जे कमी वेळा येतं आणि आलं की जिवाशी येतं, ते कोरड्या जागी घोटून ठेवावं लागतं.

आता ट्रेनिंगमध्ये नेमकं काय होतं ते सांगते, म्हणजे अंधारात जाणार नाही तुम्ही. सुरुवातीला प्रीब्रीफिंग असतं. खोली दाखवतात, मॅनिकिनला काय येतं आणि काय येत नाही ते सांगतात, नियम सांगतात. मग दहा-पंधरा मिनिटांचा प्रसंग. मग डीब्रीफिंग, म्हणजे झालेल्या प्रसंगावर बसून बोलणं, आणि ते प्रसंगाच्या दुप्पट चालावं. शिकणं तिथेच होतं. चांगला शिकवणारा "हे का नाही केलंस?" असं विचारत नाही. तो म्हणतो, "तिसऱ्या अलार्मला तू फिल्टरचा दाब बघितलास आणि मग शेजारी गेलीस, त्या वेळी डोक्यात काय चाललं होतं?" तुम्ही उत्तर देता, आणि देता देता तुम्हालाच कळतं की मला फोन करायची लाज वाटली, किंवा मला तो आकडा वाचताच येत नव्हता. या दोन गोष्टींवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. ओरडण्यातून हा फरक कधीच बाहेर येत नाही. बोस्टनच्या सेंटर फॉर मेडिकल सिम्युलेशनमध्ये सुरुवातीलाच एक गृहीतक सगळ्यांसमोर मांडतात: इथे आलेला प्रत्येक जण हुशार आहे, सक्षम आहे, त्याला चांगलं काम करायचं आहे आणि सुधारायचं आहे. हे गृहीतक तुमच्या हॉस्पिटलच्या खोलीत असेल की नाही, ते तुम्ही आधीच विचारून घ्या.

म्हणजे इन्चार्ज सिस्टरना भेटा आणि सरळ विचारा. व्हिडिओ कोण कोण बघणार? नंतर तो पुसणार की ठेवणार? याचे मार्क अप्रेझलला किंवा ड्यूटी लावायला जोडणार आहेत का? हे विचारणं म्हणजे घाबरटपणा नाही, आणि तुमच्या सिनियॉरिटीला तो हक्क आहे. व्हिडिओ त्या बॅचपुरता राहील आणि मार्क कुठेही जाणार नाहीत, असं उत्तर आलं तर निर्धास्त जा. ही खरं तर परीक्षा आहे असं उत्तर आलं, तरी जा. पण मग आधी सरावाची एक फेरी मागा. सराव न देता परीक्षा घेणं अन्यायाचं आहे, तेव्हा ही मागणी तुमच्या एकटीची ठेवू नका, सगळ्या स्टाफच्या वतीने करा.

आणि आणखी एक मागा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. त्या प्रसंगात डॉक्टरही हवेत. निदान फोनच्या दुसऱ्या टोकाला. नर्सेसना एका खोलीत आणि डॉक्टरांना दुसऱ्या खोलीत शिकवलं, तर रात्री तीनचा फोन कुणीच शिकत नाही. तुमची अडचण मशीन नाही, सिस्टर. सोळा वर्षांनंतर मशीन तुम्हाला येतं. अडचण त्या फोनची आहे. तो घोटा. अगदी शब्दांसकट. "सर, बेड चार, सीआरआरटी. गेल्या अर्ध्या तासात अ‍ॅक्सेस प्रेशरचा अलार्म चार वेळा, पंप चारदा थांबला. पोझिशन आणि लाईन तपासली, घडी नाही. फिल्टरचा दाब रात्री दहा वाजल्यापासून चढतोय. बीपी नव्वद-पन्नास. मला वाटतं कॅथेटर बघायला हवा. तो होईपर्यंत रक्त परत देऊन थांबू का?" यात कुठे माफी नाही, "डिस्टर्ब केलं सर" नाही. काय घडलं, मी काय केलं, मला काय वाटतं, काय हवं आहे, एवढंच. आरशासमोर म्हणून चालत नाही, समोरून झोपेतला वैतागलेला आवाज यायला हवा, आणि तो आला तरी शेवटचं वाक्य तुमच्या तोंडून निघायला हवं. सिम्युलेशनमध्ये ते होतं. मी शिकवायला लागल्यावर फोनवरचा वैतागलेला डॉक्टर मीच व्हायचे, आणि चांगल्या चांगल्या सिस्टर "बरं सर, सॉरी सर" म्हणून फोन ठेवायच्या. दुसऱ्या फेरीत नाही ठेवायच्या.

प्रसंग कुठले घ्यावेत याबद्दल तुमचा शब्द चालत असेल तर तुमची ती रात्रच घ्यायला सांगा. दुसरा मी नेहमी सुचवते तो असा: चादरीखाली रिटर्नची, म्हणजे पेशंटला रक्त परत देणारी, नळी सुटलेली आहे. रिटर्नचा दाब एरवी अधिक असतो, पन्नास ते दीडशेच्या आसपास. तो अचानक शून्याकडे आला की आधी चादर उचला, स्क्रीनशी झटापट नंतर. मिनिटाला दीडशे मिलीच्या वेगाने पंप चालतो आहे, आणि ते रक्त गादीत जातं आहे. हा आकडा मुलींना एकदा लाल पाण्याच्या डबक्यात दाखवला की विसरत नाहीत. सर्किटमध्ये रक्त गोठू नये म्हणून तुमच्याकडे सायट्रेट वापरत असतील (ते कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून पेशंटला वेगळं कॅल्शियम द्यावं लागतं) तर मशीन थांबलं की कॅल्शियमचं इन्फ्यूजन थांबवायची आठवण प्रसंगात हवीच. सायट्रेट थांबलं आणि कॅल्शियम वेगळ्या पंपावर चालूच राहिलं, तर ते थेट पेशंटमध्ये साचतं. हेपरीनवर किंवा काहीच न देता चालवत असतील, तर हा भाग तुम्हाला लागणार नाही.

यासाठी लाखोंचं सेंटर लागतंच असं नाही. मुदत संपलेला सेट, सलाईनच्या पिशवीत खायचा लाल रंग, पेशंटच्या जागी तीच पिशवी, आणि चादरीखाली हात घालून अ‍ॅक्सेसची नळी हळूच चिमटणारी एक सहकारी. दाब खरोखर उणे होतो, अलार्म खरोखर वाजतो. तुमच्याच आयसीयूतल्या रिकाम्या बेडवर हे होतं. फक्त त्या सगळ्या वस्तूंवर "फक्त प्रशिक्षणासाठी" अशी ठळक चिठ्ठी हवी, आणि शेवटी मोजून परत गोळा करायला हव्यात. रंगाची पिशवी खऱ्या पेशंटपर्यंत जाता कामा नये. दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं की ते विरायला लागतं, हेही लक्षात ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी, आणि मे-जूनमध्ये पावसाच्या तोंडावर हमखास, पंधरा मिनिटांची अशी एक फेरी बेडजवळच करा. ती सुरू करायला तुमच्याइतकी योग्य दुसरी कोण आहे तुमच्या आयसीयूत?

आता तुमचा खरा प्रश्न. मुलींसमोर अडकले तर?

अडकाल. मला तसंच वाटतं. अलार्म वाजेल आणि तुमचे हात दोन-तीन सेकंद थांबतील. तेव्हा एवढंच करा: जे दिसतंय ते मोठ्याने बोला. "अ‍ॅक्सेसचा अलार्म. मी आधी पेशंटकडे बघते. आता नळी बघते. आता दाब वाचते." तोंड चालू झालं की हात चालू होतात, हे मी शेकडो वेळा बघितलं आहे. आणि बाहेर बसलेल्या मुलींना पहिल्यांदाच ऐकू येतं की एक अनुभवी सिस्टर विचार कसा करते. आजवर त्यांनी तुमचे फक्त हात बघितले आहेत. त्या नुसत्या हातांवरून त्यांना वाटत आलं की मॅडमना सगळं येतं, मॅडम कुणाला विचारत नाहीत, म्हणून आपणही विचारायचं नसतं.

एमी एडमंडसन नावाच्या संशोधक आहेत, हार्वर्डला. १९९० च्या दशकात त्यांनी हॉस्पिटलमधल्या टीम आणि औषधांच्या चुका यांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त. खोलात गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की त्या टीम जास्त चुकत नव्हत्या, जास्त सांगत होत्या, कारण सांगितल्यावर ओरडा खावा लागत नव्हता. तुमच्या आयसीयूत उद्या रात्री एखादी बावीस वर्षांची मुलगी चौथ्या अलार्मला फोन उचलेल की पाय सरळ करून शेजारी जाईल, हे तुम्ही त्या खोलीत काय करता यावर बरंचसं ठरेल. म्हणून म्हटलं, आधी तुमचा नंबर लावा. आणि डीब्रीफिंगमध्ये जमलं तर सांगा की मागच्या पावसाळ्यात माझं असं झालं होतं. सांगणं सक्तीचं नाही. जीभ वळली नाही तर नका सांगू.

हात थांबतात त्याबद्दल थोडं. यात तुम्ही कमजोर आहात असं काही नाही. पेशंटच्या बाबतीत काही बिघडलं की पहिला फटका पेशंटला बसतो आणि दुसरा त्याची काळजी घेणाऱ्याला. अमेरिकेतल्या अल्बर्ट वू या डॉक्टरांनी २००० मध्ये याला 'दुसरा बळी' म्हटलं, तेव्हापासून जगभर यावर बोललं जातं. आपल्याकडे अजून चहाच्या टेबलावरही बोललं जात नाही. ट्रेनिंगनंतरच्या दोन महिन्यांतही हात तसेच थांबत असतील, झोपेत अलार्म ऐकू येत असतील, ड्यूटीच्या आदल्या दिवशी पोटात गोळा येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे जा. तेव्हा नुसत्या ट्रेनिंगवर भागवू नका. आणि तेव्हाही बदली हवीशी वाटली तर घ्या, माझी काही हरकत नाही. ओपीडीचं काम हलकं नसतं आणि कमी प्रतीचंही नसतं. फक्त एका माणसाच्या एका वाक्यामुळे जाऊ नका.

मिस्टरांचं म्हणाल, तर ते तुम्हाला सकाळी घरी येताना बघतात. त्यांना तुमचा थकवा दिसतो, म्हणून ते तसं म्हणतात. त्यांना एकदा त्या रात्रीची पूर्ण गोष्ट सांगा, पाय सरळ करण्यापासून सरांच्या वाक्यापर्यंत. मला वाटतं, तुम्ही त्यांना अर्धीच सांगितली आहे.

इंग्रजीचं शेवटी. अ‍ॅक्सेस, रिटर्न, टीएमपी, इफ्लुएंट हे शब्द तुम्ही रोज वापरता, तेवढं इंग्रजी पुरतं. डीब्रीफिंगमध्ये डोक्यात काय चाललं होतं ते सांगायचं असतं, आणि तुमच्या डोक्यात ते मराठीत चाललेलं असतं. मराठीतच सांगा. केरळच्या मुलींना मराठी कळतं, नातेवाइकांशी त्या रोज बोलतातच. शिकवणाऱ्याला कळत नसेल तर त्यांच्यातलीच एखादी भाषांतर करून सांगेल, हे आधी ठरवून घ्या. इन्चार्जना भेटाल तेव्हा व्हिडिओच्या प्रश्नांबरोबर हेही विचारून टाका. उद्या मॉर्निंग असेल तर ओव्हर झाल्यावर लगेच, इन्चार्ज राउंडला निघायच्या आत.